गुलाबले बंडीनं मारलं नाही

अध्यक्ष महाराज, बाजारातली सगळी मंडळी, अन् तिकडं भिंतीपाशी बसलेल्या मायबहिणी हो,

एवढे लोक या शेडमधी जमले अन् कापसाची एकही बैलबंडी आत नाही, असं अकोल्याच्या बाजारात मी पहिल्यांदा पाहून राहिलो. ऐन मोसमात तुमी गुलाबसाठी दुपारून बाजार बंद ठेवला. त्याले कळलं असतं तर त्यानं तुमाले शिव्याच दिल्या असत्या. पण तुमी आले, बसले, हे चांगलं केलं.

मले बोलणं कठीण जाऊन राहिलं, राजेहो. माझ्याआधी तिघं बोलले, चांगले बोलले. मास्तरनं तर श्लोक म्हटला. मले श्लोक येत नाही. मी बाबाराव, अडत्या माणूस. तीस वर्षं झाले याच बाजारात शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याले विकून देतो. मले दोनच गोष्टी येतात. एक ओरडणं अन् दुसरी घासाघीस. आज दोन्ही कामाच्या नाहीत. म्हणून थोडं अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी आज गुलाबची स्तुती करायले उभा राहिलो नाही. ती झाली. मी एका कामासाठी उभा आहे, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधी माघार घेता येणार नाही.

परवा गुलाबची तेरवी झाली. पंगतीत माझ्या बाजूले एक जण बसला होता. नाव घेत नाही, तो इथंच आहे. बुंदी खाता खाता तो म्हणे, "बाईनंच माणूस मारला. एवढं मोठं ऑपरेशन झालेला माणूस, त्याले बंडीवर चढवलं. सुटले असतील आतले टाके." पंगतीतल्या चार जणायनं माना हालवल्या. एक बाई वाढता वाढता थांबली अन् म्हणे, "नाही तर काय!" अन् मी काय केलं? मी काहीच केलं नाही. घास गिळला, वरून पाणी प्यालो. वहिनी, म्हणजे गुलाबची बायको सुमनवहिनी, आतल्या खोलीत होत्या. त्यायले ऐकू गेलं का नाही, मले माहीत नाही. गेलं असेल. आपल्या लोकायचे आवाज काही लहान नाहीत.

ते मी परवा बोललो नाही. ते आज बोलतो.

नवीन पोरायले माहीत नसेल म्हणून सांगतो. गुलाबराव या बाजारात कापूस पाहायचा. बंडी आली की तिच्यावर चढायचं, कापसात खांद्यापर्यंत हात घालायचा, पार तळाचा मूठभर कापूस वर काढायचा. मग दोन अंगठ्यायच्या मधी धागा ताणून पाहायचा. लांबी किती, जोर किती, ओल किती. वरचा कापूस कोणीही पाहते. वरचा कापूस पोरीले पाहायले येणाऱ्या पाहुण्यासारखा असते, सगळे कपडे इस्तरीचे. खरा माल तळाले. शेतकरी हुशार, व्यापारी त्याच्याहून हुशार, अन् दोघायचा भरोसा एकाच माणसावर. गुलाब म्हणाला ओला, म्हणजे ओला. त्याच्यावर पुन्हा कोणी बोलत नसे.

अन् तो बंडीवर चढायचा कसा, आठवते काय? चाकाच्या आऱ्यावर पाय, बैल हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या खांद्यावर हात, अन् एका झटक्यात वर. दिवसाच्या साठ-साठ बंड्या. वरून ओरडायचा, "बाब्या, तुझा कापूस रडून राहिला बे!" म्हणजे ओला निघाला.

नागपूरची राजधानी जाऊन मुंबईची झाली, त्याले तेव्हा दोन-तीन वर्षं झाले असतील. आमी दोघं अमरावतीच्या बाजारात गेलो होतो. दुपारी लिंबाच्या झाडाखाली डबा खाऊन पडलो. गुलाब मले म्हणे, "बाब्या, गंमत पाह्य." त्यानं सदरा वर केला. बेंबीच्या वर सरकी काढलेल्या रुईचा एक पुंजका ठेवला. तो पुंजका उडून राहिला. टुप, टुप, टुप. मी हसलो. तो म्हणे, "दोन महिने झाले, धोतराची गाठ हालते माझी." मी म्हटलं, "लेका, पोटात पोरगं आहे काय?" खोटं कशाले सांगू, आमी दोघंही लय हसलो. हसता हसता त्याच्या पाठीत कळ आली अन् तो आडवाच झाला.

अमरावतीच्या डॉक्टरनं पोटावर हात ठेवला अन् तो ठोका नीट पाहिला. मग आमाले समजावून सांगितलं. छातीतून पोटात उतरणारी जी मोठी रक्ताची नळी असते, माणसाच्या अंगातली सगळ्यात मोठी, ती एका जागी फुगली आहे. सायकलच्या ट्यूबले फुगा येते तशी. फुटली तर दवाखान्यात नेण्याइतकाही वेळ भेटत नाही. इथं इलाज नाही. मुंबईले एक मोठे डॉक्टर आहेत, ते फुगलेला भाग कापून तिथं कापडाची नळी शिवतात. दहातले किती वाचतात, असं मी विचारलं. ते म्हणे, "तुम्ही आधी जा."

आमी गेलो. वहिनीनं घर सांभाळलं, मी सोबत गेलो. ऑपरेशनच्या आधी मुंबईचे डॉक्टर गुलाबले समजावून सांगायले आले. सगळं ऐकून गुलाब काय म्हणाला असेल? म्हणे, "साहेब, ते कापड मले दाखवा." डॉक्टर मोठा माणूस, पण हसला, अन् कापडाचा एक उरलेला तुकडा आणून दिला. गुलाबनं खाटेवर बसून त्याचा धागा काढला. अंगठ्यावर ताणला. पुन्हा ताणला. म्हणे, "हा कापूस नाही." डॉक्टर म्हणे, "नाही, हा कारखान्यात तयार केलेला धागा आहे." गुलाब म्हणे, "कोणत्या शेतात झाला नाही म्हणजे ओल नसेल. चालते. शिवा." हसा राजेहो, हसा. त्याले आवडलं असतं.

मी रक्त दिलं. रक्त दिलं म्हणजे माणूस जन्माचा अशक्त होते, असं आमच्या घरी सगळे म्हणत होते. मले काही झालं नाही. बाटली भरल्यावर चक्कर आली ती भीतीनं.

ऑपरेशन किती तास चाललं ते मी सांगत नाही, कारण मी घड्याळाकडं पाहिलंच नाही. वाचला एवढंच. छातीच्या खालपासून तर पार ओटीपोटापर्यंत उभी शिवण. आपण म्हणतो, ऑपरेशन झालं, माणूस वाचला, सुटलो. नाही. तिथून सुरू होते. खोकला आला की उशी पोटाले दाबून धरायची अन् डोळ्यातून पाणी. आठ दिवसानं दोन जणायनं धरून उभा केला तर पाय नव्या वासरासारखे. ज्वारीची भाकर पाहिली की तोंड फिरवायचा. अन् रडायचा. साठ बंड्यायवर चढणारा माणूस, काही कारण नसताना भिंतीकडं तोंड करून रडायचा. नर्सबाई मले म्हणे, "घाबरू नका, एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर असं होतं, जाईल हळूहळू." हे कोणी आमाले आधी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी कोणावर असा प्रसंग आला तर लक्षात ठेवा. शिवण बाहेरून भरते, माणूस आतून मागं राहते.

आता नीट ऐका. माझं काम इथून पुढं आहे.

सुटी द्यायच्या दिवशी डॉक्टरनं मले बाजूले बोलावलं. गुलाब खाटेवर होता. डॉक्टर मले काय म्हणाले ते मी शब्दाले शब्द सांगतो. म्हणे, "तीन महिने जड उचलायचं नाही, उंचावर चढायचं नाही. रोज चालायचं. तीन महिन्यांनी मला दाखवायला आणा. सगळं ठीक असलं की त्यांना त्यांचं काम करू द्या. फक्त विडी कायमची बंद." एवढंच. तीन महिने.

अन् मी घरी येऊन काय सांगितलं? जुन्या शहरातल्या त्याच्या घरी ओसरीवर सगळे जमले होते. वहिनी, सोयरे, शेजारी, बाजारातले आठ-दहा. सगळ्यायच्या समोर मी म्हटलं, "डॉक्टरनं सांगितलं आहे, जन्मभर चढायचं नाही. जन्मभर उचलायचं नाही. कापूस पाहणं बंद."

काहून म्हटलं मी असं?

मी अडत्या आहे, राजेहो. मले जेवढं पाहिजे तेवढं मी कधी सांगत नाही. दुप्पट सांगतो. समोरचा ओढत ओढत अर्ध्यावर आणते, अन् मले पाहिजे तिथं सौदा होते. तुमी सगळे असंच करता, तुमाले माहीत आहे. गुलाबले मी लहानपणापासून ओळखत होतो. तीन महिने म्हटलं असतं तर तो तिसऱ्या आठवड्यात बंडीवर दिसला असता. म्हणून मी जन्मभर म्हटलं. मले वाटलं, तो भांडणार. म्हणणार, "जन्मभर काय बे? सहा महिने ठेव." मी म्हणणार, बरं, सहा नाही तर चार. असं करत करत त्याले तीन महिन्यावर आणीन. माझ्या डोक्यात सौदा पक्का होता.

पण गुलाब भांडला नाही. जन्मात पहिल्यांदा भांडला नाही. माझ्याकडं पाहिलं अन् म्हणे, "बरं."

एवढंच म्हणाला. बरं. आजारानं त्याच्यातला भांडणारा माणूस मुंबईलेच ठेवून घेतला होता, अन् ते मले कळलं नाही. करायले गेलो गणपती अन् झाला मारुती.

तुमी म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं होतं. सांगायचंच होतं. पण सगळ्या गावासमोर बोललो होतो. वाटलं, राहू दे चार दिवस, तब्येत सुधरू दे. चार दिवसाचे तीन महिने झाले. मग दाखवायले न्यायची वेळ आली, तर मीच म्हटलं, "एवढा लांबचा गाडीचा प्रवास, धक्के बसतात, कशाले न्यायचं? खाऊन-पिऊन बरा आहे ना?" कारण नेला तर डॉक्टर खरं बोलणार. मी माझं खोटं झाकायले माणूस घरी बसवून ठेवला. एक नाही, दोन नाही, पाच वर्षं.

त्या पाच वर्षात आपण सगळ्यायनं त्याच्याशी काय केलं, सांगू काय? प्रेमच केलं. त्याले बाजारात खुर्ची दिली. पाण्याचा तांब्या हातात दिला. छत्री पडली तरी उचलू दिली नाही. हमाल नमुने आणून त्याच्या मांडीवर ठेवायचे. पण आणून दिलेला नमुना वरचाच असते. खुर्चीवर बसून कापूस पाहणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्याचे अंदाज चुकायले लागले. व्यापारी तोंडावर बोलले नाहीत, पण नमुने येणं कमी झालं, मग बंद झालं. मग तो नुसताच यायचा. मग यायचाही बंद झाला.

घरी काय चालू होतं ते वहिनीनं नंतर मले सांगितलं. तो दिवसभर ओसरीत एक हात पोटावर ठेवून बसायचा. नळीचा ठोका मोजायचा. शिंक आली तर दाबायचा, टाके सुटतील म्हणून. पोरीच्या लग्नात मांडवात आला नाही, कारण गर्दीत धक्का लागेल. मोर्शीहून बहिणीनं संत्र्यायचं टोपलं पाठवलं, तर अंगणातून ते घरात घ्यायले शेजारच्या बाईले हाक मारली. अन् हाक मारल्यावर आत जाऊन तोंडावर पांघरूण घेतलं. डॉक्टरनं त्याले वाचवलं होतं, खरं आहे. पण वाचून तो करून काय राहिला होता? श्वास घेऊन राहिला होता. आपण बाहेरून म्हणायचो, "चांगली बडदास्त आहे गुलाबरावची!"

हे एका माणसानंच पाहिलं. वहिनीनं.

वहिनी चौथी शिकलेल्या. त्यायनं कोणालेच न विचारता मुंबईच्या डॉक्टरले कार्ड टाकलं. दवाखान्याच्या जुन्या कागदावरून पत्ता घेतला. लिहिलं काय, तर, "माझे यजमान पाच वर्षांपासून बसून आहेत. अजून किती दिवस बसायचं, ते कळवावे." बस. पंधरा दिवसानं उत्तर आलं. डॉक्टरनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. "मी तीन महिने सांगितले होते. दाखवायला का आणलं नाही? ताबडतोब आणा."

ते कार्ड घेऊन वहिनी माझ्या अडतीवर आल्या. मी गादीवर बसलो होतो, दोन गिऱ्हाइकं समोर होते. वहिनी उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. मी गिऱ्हाइकायले पाठवलं. वहिनीनं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. मान वर करायची हिंमत झाली नाही.

मले वाटलं, आता ही बाई मले सगळ्या बाजारात उघडा पाडणार. पाडायलेच पाहिजे होतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, काहून केलं असं?"

मी सांगितलं. आता तुमाले सांगितलं तसंच सांगितलं. सौद्याची गोष्ट. भीतीची गोष्ट.

त्यायनं कार्ड परत उचललं. मग म्हणाल्या, "आमच्या मालकायले हे सांगू नका. त्यायले जगात एकच दोस्त आहे. तो गेला तर हे पुन्हा उठायचे नाहीत. मी सांगते की डॉक्टरनं आता परवानगी दिली. लोक काही बोलले तर ते माझ्या नावावर राहू द्या."

माझ्या नावावर राहू द्या. राजेहो, हे शब्द मी रोज आठवतो.

त्या एकट्या त्याले मुंबईले घेऊन गेल्या. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, पायाच्या नाड्या पाहिल्या, दवाखान्याचे दोन जिने चढवले. म्हणे, नळी घट्ट बसली आहे, आतून तिनं अंगाचंच अस्तर धरलं आहे. तुमचं शरीर पाच वर्षांपूर्वीच तयार होतं, आता मन तयार करा. काम करा.

पण मन काही कागदावर सही करून तयार होत नाही. वहिनीनं ते तयार केलं. रोज सकाळी मोर्णा नदीच्या पुलापर्यंत चालायचं. पहिल्या दिवशी तो अर्ध्या रस्त्यातून परत आला, घामानं भिजलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वहिनी पुढं, तो मागं. गावातले लोक ओट्यावर बसून पाहायचे. दोन महिन्यानं पूल ओलांडला. मग वहिनीनं एक रिकामी बंडी गल्लीत आणून उभी केली. म्हणे, "चढा." तो म्हणे, "नाही." ती म्हणे, "मी धरते." गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. एक म्हातारी म्हणे, "नवऱ्याले मारते काय वं?" वहिनीनं तिच्याकडं पाहिलंही नाही. त्यायनं चाक धरून ठेवलं. तो आऱ्यावर पाय ठेवायचा अन् काढायचा, ठेवायचा अन् काढायचा. सहाव्या दिवशी वर गेला. मी त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. पुढं गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

त्या मोसमात तो बाजारात आला. तुमच्यातले पुष्कळ जण होते तेव्हा. पहिल्या बंडीवर चढला. कापसात हात घातला, पार खांद्यापर्यंत, अन् तळाची मूठ वर काढली. धागा ताणून पाहिला. मग त्यानं मले शोधलं. सगळ्या शेडमधी मले शोधलं अन् ओरडला, "बाब्या, तुझा कापूस रडून राहिला बे!" माझ्याच शेतकऱ्याचा माल होता, माझंच नुकसान. मी अडतीच्या मागं जाऊन रडलो. आज सांगतो. तेव्हा म्हटलं, डोळ्यात कापसाचं कस्तर गेलं.

पहिल्यासारखा झाला असं मी म्हणणार नाही. शोकसभा आहे म्हणून काहीही बोलू नये. साठ बंड्या नाही, वीस-पंचवीस पाहायचा. कापसाच्या जड गठाणीले हात लावत नसे. शिवणीपाशी पोट थोडं बाहेर आलं होतं, त्याले वहिनीनं जाड मांजरपाटाचा पट्टा शिवून दिला होता, तो सदऱ्याखाली बांधायचा. थंडीत पाय दुखायचे. विडीची आठवण आली की बडीशेप खायचा अन् बडीशेपीले शिव्या द्यायचा. मधूनच कधी हात पोटावर जायचा, अन् चेहरा उतरायचा. ती भीती पार गेली नाही. पण तो चार मोसम जगला, राजेहो. नातवाले खांद्यावर घेऊन जत्रेत फिरला. माझ्याशी भांडला, इतका भांडला की एकदा आमी महिनाभर बोललो नाही. मले त्या महिन्याचा किती आनंद झाला, काय सांगू.

अन् मेला कशानं? आपले डॉक्टर तिकडं दुसऱ्या रांगेत बसले आहेत. सभा संपली की त्यायले विचारून घ्या. पाच दिवस ताप होता. छातीत कफ भरला. निमोनिया झाला. डॉक्टरनं रोज पोटही तपासलं. पोट नरम होतं, ठोका सरळ होता, पायाले रक्त बरोबर पोचत होतं. ती कारखान्यातली नळी शेवटच्या श्वासापर्यंत शाबूत होती. थंडीत आपल्या गावात दरवर्षी निमोनियानं माणसं जातात. खुर्चीवर बसलेलेही जातात. गुलाबले बंडीनं मारलं नाही. टाके सुटले नाहीत. बायकोनं मारलं नाही.

तापाच्या तिसऱ्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसलो होतो. ठरवून गेलो होतो की सांगतो. म्हटलं, "गुलाब्या, एक गोष्ट सांगायची आहे." तो म्हणे, "बरा झालो की सांग. आता डोकं दुखते." मले बरंच वाटलं, हे पण सांगून टाकतो. सुटलो असं वाटलं. आता कधीच सांगता येत नाही. मी भित्रा माणूस आहे. पाच वर्षं भ्यालो, मग चार वर्षं भ्यालो, अन् परवा पंगतीतही भ्यालो.

तर मंडळी, हिशेब सरळ आहे. गुलाबचे पाच वर्षं गेले, ते मी खाल्ले. त्याले चार वर्षं मिळाले, ते या बाईनं दिले. अन् नावं कोणाले ठेवली? तिले. ती त्या दिवशी म्हणाली, माझ्या नावावर राहू द्या, अन् मी राहू दिलं. लोक गल्लीत बोलले, बाजारात बोलले, तेरवीच्या पंगतीत बोलले. तिनं एकदाही म्हटलं नाही की बाबारावले विचारा.

वहिनी, तुमी मले सांगू नका म्हटलं होतं. ते गुलाबपुरतं होतं, असं मी समजतो. तसं नसेल तर आज मी तुमचा शब्द मोडला. त्याची माफी मागतो. बाकीची माफी मागत नाही, कारण ती मागायची माझी लायकी नाही. दुखवट्याच्या घरातली बाई सभेले आली म्हणूनही आज कोणी नाक मुरडलं असेल. तुमी आल्या, चांगलं केलं.

आता उभे राहा, मंडळी. माझा जोडीदार गुलाबराव, त्याच्यासाठी दोन मिनिटं. फोटो समोर आहे, पण मी त्या भिंतीकडं तोंड करून उभा राहून राहिलो, जिथं वहिनी बसल्या आहेत. जो तिच्याबद्दल कधीच काही बोलला नसेल, त्यानं तिच्याकडं सरळ पाहावं. जो बोलला असेल, त्यानं मान खाली घालावी. घ्या, मी घातली.